पहारीची उंची

आमच्या भिलवडीला, कृष्णेच्या काठी,
चुलीला तीन दगड हवे असले
तर शेजारणीकडं मागायला जावं लागायचं.
काळ्या रानात कोपरापर्यंत हात घातला
तरी बोटाला खडा लागत नसे.

इथं आटपाडीच्या माळावर
पहिल्याच सकाळी सासूनं पाटी दिली
आणि म्हणाली, "येच."
मी विचारलं, काय?
ती हसली. नवरा हसला.
बांधावरचं कुत्रंसुद्धा उठून माझ्याकडं बघायला लागलं.

मुठीएवढे, नारळाएवढे,
काही निजलेल्या शेळीएवढे.
पहिल्या दिवशी मी मोजल्या: एकेचाळीस पाट्या.
दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं.
चुंबळीखालचे केस त्या साली गेले
ते परत आले नाहीत.

सासरे येताळा. माणसांशी फारसं बोलायचे नाहीत.
दगडाला मात्र आधी विचारायचे,
पहारीच्या बुडानं, हलक्या हातानं.
बद्द वाजला की म्हणायचे, "मोकळा हाय."
खणखणला की, "ह्याचं मूळ लांब गेलंय."
मग बगलेत एक लहान धोंडा सरकवायचा,
त्यावर पहार टेकवायची
आणि अंग सोडून द्यायचं.
"जोर रेड्याला असतो. माणसानं वजन टाकावं."
उभ्या जन्मात त्यांनी मला सांगितलेलं
सगळ्यांत लांबलचक बोलणं हेच.

नांगरट झाली की पुन्हा तेवढेच वर.
"रान इतंय," सासू म्हणायची,
आणि वेचलेले आम्ही उताराला रचायचो,
मोठा खाली, चपटा वर, फटीत चिपा,
माती न लावता.
ताल गुडघ्याएवढी झाली तेव्हा
तिच्या पाठीला पहिल्यांदा
टोपलंभर गाळ थांबला.
नवऱ्यानं तो मुठीत घेऊन हुंगला
आणि मला हुंगायला दिला.
मला माहेरचा वास आला. सांगितलं नाही.

मधोमध म्हशा होता.
पाण्यात बसलेल्या म्हशीची पाठ जेवढी दिसते
तेवढाच वर.
तीन पिढ्या त्याला वळसा घालून नांगर चालला.
त्या साली पौषात येताळांनी ठरवलं.
बाभळीचे काटे, तुराट्या, शेणी रचून
रातभर पेटवला.
पहाटे अकरा घागरी गार पाणी.
विहीर दीड मैल, आणि आमची तर आटलेली.
सासू म्हणाली, "प्यायचं पानी धोंड्याला?"
आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

पाणी पडलं. आधी नुसता फुत्कार.
मग आतून असा आवाज, जणू कुणी
पोटातल्या पोटात कवाड उघडलं.
केसाएवढी चीर.
नवऱ्यानं घण घातला, सासऱ्यांनी पहार,
दुपारपर्यंत एक कड उलटली.

खाली ओल होती.
एवढ्या दुष्काळात, एवढ्या आगीखाली, ओल,
आणि तिच्यात एक इंगळी,
पाठीवर पांढरी पोरं घेऊन.
नवऱ्यानं घण उचलला.
येताळांनी पहार आडवी धरली.
"लेकुरवाळी हाय."
ती तालीपर्यंत सावकाश चालत गेली, फटीत शिरली,
तोवर आम्ही चौघं उभे.
चौघं म्हणजे, माझ्या पोटातला धरून.

अर्धा म्हशा अजून तिथंच आहे.
त्याच्यावर बसून आम्ही भाकरी खातो.

लग्नात ती पहार माझ्या खांद्याला लागायची.
दर साली लोहाराकडून शेवटून आणायची,
दर साली बोटभर आखूड.
आता कमरेच्या खाली आली.
एकदा मी लोहाराला विचारलं,
बाकीचं लोखंड गेलं कुठं?
तो भाता ओढत म्हणाला,
"तुमच्याच रानात असंल की. बघा हुडकून."

परवा भावाकडं भिलवडीला गेले.
उसाच्या सरीत बसून बोलत होतो
आणि हात आपोआप मातीत चाचपत होता.
भाऊ म्हणाला, काय हरवलं, अक्का?
काही नाही म्हटलं.
एवढी मऊ जमीन,
उठताना कुठं वजन टाकावं
ते कळेना.